धावपट्टीवरची वाकळ

सगळ्यात आधी एक दुरुस्ती. तुमच्या ताईने विमान पाडलं नाही. ती विमान घेऊन खाली आली, चाकांवर आली, धावपट्टीवरच आली. फक्त वाईट आली. तुम्हाला तिकडे कुणी काय सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे, कारण इकडे निम्मं अहमदपूर तेच सांगत होतं. आधी चुकीचं उत्तर खोडायचं, मगच बरोबर उत्तर लिहायचं, हा माझ्या वर्गाचा नियम होता. नांदेडच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवताना तो मी मोडला नाही. तुम्हा दोघांसाठीही मोडणार नाही.

हे घडलं त्या दिवसापासून मी एक वही घातली. दोनशे पानी, डाव्या बाजूला समास. त्या वहीवरूनच हे लिहिते आहे. आजीने वाढवून सांगितलं असं तुमच्या आईला वाटायला नको.

तुम्ही मागच्या वेळी आलात तेव्हा ताई बारावीत होती आणि गच्चीवर तुम्हाला पतंग उडवायला शिकवत होती. आता ती एकवीस वर्षांची आहे. अहमदपूरहून लातूरकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की एक माळ लागतो. त्या माळावर एक छोटी धावपट्टी आहे आणि तिथे विमान चालवायला शिकवतात. तुम्ही ज्यातून येता तसलं विमान नव्हे. दोन माणसांचं, आत बसलं तर ऑटोत बसल्यासारखं वाटावं एवढं, पुढे एक पंखा आणि खाली तीन चाकं. दोन चाकं पंखांखाली, एक नाकाखाली. ते नाकाखालचं चाक लक्षात ठेवा.

तुमच्या आत्याचे यजमान, म्हणजे ताईचे बाबा, यांचं अहमदपूरला मोंढ्याजवळ सरकी-पेंडीचं दुकान आहे. माणूस शब्दाचा पक्का, पण बोलण्यात फार काटकसरी. मुलीला विमान शिकायचंय हे कळल्यावर ते तीन दिवस काहीच बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "जा. पण जिवाला धोका दिसला तर मी स्वतः येऊन तुला घेऊन जाईन. मग रडायचं नाही." ताई "हो" म्हणाली. पुढचं सगळं त्या एका "हो"वर अडलं.

दीड वर्ष ते एकदाही बघायला गेले नाहीत. दुकान सोडवत नाही म्हणायचे. खरं म्हणजे त्यांना बघवलं नसतं. ताई एकटीने विमान उडवायला लागली, दोनदा उडवून आली, तेव्हा तुमची आत्या त्यांच्या मागेच लागली. "लोकांच्या पोरींचे अरंगेत्रम बघायला जाता, आणि स्वतःची पोरगी आभाळात जाते ती बघायला फुरसत नाही?" मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते डबा घेऊन निघाले. डब्यात ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हरभऱ्याची भाजी. विमानातून उतरल्यावर पोरीला भूक लागेल म्हणून.

त्या दिवशी ताईचं तिसरं एकटीचं उड्डाण होतं. बाबा कुंपणाच्या तारेपाशी उभे राहिले. अहमदपूरचे आणखी चारपाच जण होते, गाडी भरून आले होते. ताई पश्चिमेकडे तोंड करून उडाली, माळाला वळसा घातला आणि पुन्हा पश्चिमेकडे तोंड करूनच उतरायला आली. धावपट्टीच्या अर्ध्यावर येईपर्यंत चाकं टेकलीच नाहीत. विमान जमिनीपासून हातभर वर नुसतं पळत राहिलं. टेकलं ते उसळलं. ताईने घाईने नाक खाली दाबलं आणि नाकाखालचं चाक आधी आपटलं. त्याचा पाय मोडला, पंखा जमिनीला लागून वाकला, आणि विमान घसरत घसरत धावपट्टी संपल्यावरच्या गवतात जाऊन थांबलं.

ताई स्वतःच्या पायांनी बाहेर आली. ओठ फाटला होता, खांद्यावर पट्ट्याचा वळ होता. बाबा तारेखालून सरपटत तिच्याकडे धावले. त्यांचा सदरा पाठीवर उभा फाटला ते त्यांना घरी आल्यावर कळलं.

मी नांदेडहून एसटीने अहमदपूरला पोहोचले तेव्हा ताई माजघरात भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुकानात पेंड न्यायला आलेली माणसं पेंडीबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोलत होती.

"काय शेठ, पोरीनं इमान पाडलं म्हणं?"

"ब्रेक न्हाई का दाबला तिनं?"

"अवो, पोरीच्या जातीला स्कूटी बास हाय. आमची तर स्कूटीबी पाडती."

जावईबापू पोती मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "ती आता तिकडं जाणार न्हाई. झालं."

मी आत जाऊन ताईपाशी बसले. तिला मी विचारलं नाही की लागलं का, कारण दिसत होतं. मी विचारलं, "का झालं?"

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

"ते कोण म्हणतं?"

"सगळे. चौकशीला दोन अधिकारी आले होते. इंजिन चांगलं, ब्रेक चांगला, वारा शांत. मग उरलं कोण, आजी?"

तिच्याकडून मी बाकीचं काढून घेतलं. मुख्य प्रशिक्षकांनी तिला आठवड्याची मुदत दिली होती. तेवढ्यात तिने घडलं ते लेखी द्यायचं. अधिकाऱ्यांचं मत तिच्या हाताळणीवर येऊन ठरलं, की एकटीने उडण्याची परवानगी जाणार. बहुधा नावही निघणार. आणि तसं झालं नाही तरी बाबा पाठवणार नव्हते. म्हणजे दोन दारं होती आणि दोन्हींना आतून कड्या.

मला विमानातलं काही कळत नाही. पण शाळेतल्या भांडणांचा निकाल चौतीस वर्षं लावलाय. दोन मुलांत एक पाटी फुटली की सगळा वर्ग एकाच मुलाकडे बोट दाखवतो. बोटं जितकी जास्त, तितकं मी त्या मुलाला सोडून आधी बाकीचं तपासायची. बाक हलतो का, खिळा वर आलाय का, मागून कुणी ढकललं का.

"वारा शांत होता हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

ताई उठून बसली. तिने मला समजावून सांगितलं, तसंच तुम्हाला सांगते. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरवायचं. समोरून वारा आला की तो विमानाला थोपवून धरतो. मागून आला तर उलट. सायकलवर उतारावर असताना कुणी पाठीवर हात ठेवून ढकलावं तसं होतं, थांबता थांबत नाही. त्या माळावर वारा सांगायला मनोरा नाही की माणूस नाही. एका उंच खांबावर कापडाची नळी टांगलेली असते, दोन्ही तोंडं उघडी. वारा असला की ती भरते, फुगते आणि वारा जाईल त्या दिशेला आडवी होते. वारा नसला की खाली लोंबते. वरून येताना आधी तिच्याकडे बघायचं.

"मी बघितलं, आजी. लोंबत होती. सकाळपासून लोंबत होती. म्हणून मी उडाले त्याच बाजूने उतरले."

एवढ्यात तुमची आत्या फोन घेऊन आली. गावभर फिरलेला तो व्हिडिओ होता. गाडीतून आलेल्यांपैकी कुणीतरी तारेपाशी उभं राहून काढलेला. खाली हसरी तोंडं चिकटवून गावच्या गटात टाकलेला. ती म्हणाली, "आई, तू नको बघूस." म्हणून मी बघितला.

पहिल्यांदा विमान बघितलं. दुसऱ्यांदाही विमानच बघितलं. तिसऱ्यांदा विमान सोडून बाकीचं बघितलं. विमान डावीकडून उजवीकडे पळतंय. आणि तारेपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातातली पांढरी दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, उडते, आणि तीही डावीकडून उजवीकडे जाते. नुसती पडत नाही. जमिनीला न टेकता चांगली दहा पावलं जाते. तो माणूस तिच्यामागे दोन पावलं पळतो आणि थबकतो, कारण तेवढ्यात विमान आपटतं.

मी फोन घेऊन दुकानात गेले.

"ही दस्ती कुणाची?"

जावईबापूंनी बघितलं. "माझीच. डब्याला बांधून आणली होती. सोडायला गेलो आणि उडाली."

"वारा नसताना?"

पोत्यावरचा त्यांचा हात तिथेच राहिला. पेंड न्यायला आलेला म्हातारा फोनमध्ये डोकावून म्हणाला, "वारा न्हाई कसा? इमानाच्या मागं मागं पळून राहिली की दस्ती!"

गावाने जो व्हिडिओ हसायला म्हणून फिरवला, त्यात हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. वारा विमानाच्या पाठीमागून होता. मग ती नळी लोंबत का होती? अधिकाऱ्यांनी ती तपासली होती. ताई म्हणाली, त्यांनी बघितली तेव्हा छान फुगून हलत होती.

"किती वाजता बघितली त्यांनी?"

"दुपारी. दोन वाजले असतील."

"आणि तू किती वाजता उतरलीस?"

"सव्वाआठ."

शाळेत मी एक शिकले होते. ज्या तासाला वर्गात गोंधळ होतो, त्याच तासाला जाऊन बघावं. मधल्या सुट्टीत गेलं तर सगळे वर्ग गुणी असतात. मी जावईबापूंना म्हणाले, "उद्या सकाळी आठच्या आत मला तिथे नेऊन सोडा. मग पुन्हा कधी म्हणणार नाही."

ते म्हणाले, "आई, तुम्ही म्हणता म्हणून. तिला तिकडं पाठवणार न्हाई ते न्हाईच."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. दोन्ही बाजूंना तूर, मध्ये हरभरा, आणि दवाने सगळं शिवार पांढरं. एका शेतात हरभऱ्यावर जुन्या कापडाची धडपी अंथरलेली होती. तुम्ही हे पाहिलेलं नाही. हरभऱ्याच्या पाल्यावर आंबट दव धरतं, त्याला आंब म्हणतात. रात्री पिकावर कापड पसरून ठेवायचं, पहाटेला ते चिंब होतं, मग बाटलीत पिळून घ्यायचं. पोटदुखीवर देतात. मी ती धडपी बघितली आणि पुढे गेले. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही, हेही वहीत प्रामाणिकपणे लिहिलंय.

माळावरचा चौकीदार जवळच्याच वाडीचा. बायकोसह तिथेच दोन खोल्यांत राहतो. ताईला बघून धावत आला. "ताई, बऱ्या हाव ना? लई घोर लागला होता जिवाला." मग माझ्याकडे बघून, "या आजी. चहा ठेवायला सांगतो."

मी खांबाखाली उभी राहिले. आठ वाजून गेले होते. पूर्वेकडून वारा येत होता, माझा पदर खांद्यावरून सुटून पश्चिमेकडे फडफडत होता. आणि वर ती नळी, ओली विजार दोरीवर टाकावी तशी, सरळ खाली. जराशी हलली आणि पुन्हा गप्प.

"बाबा, बघा," ताई पुटपुटली. बाबा बघतच होते.

मी चौकीदाराला म्हणाले, "ती जरा खाली घेता का?"

त्याने दोरी सोडली. नळी खाली आली आणि मी ती हातात घेतली. ओली. गार. आणि जड, एखाद्या लहान मुलाएवढी. मी डोळ्यांजवळ धरून शिवण बघितली. बारीक, सरळ, एकसारखा धावदोरा, बोटाबोटाच्या अंतरावर, एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत. असा दोरा कशाला घालतात हे मराठवाड्यातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

"अगं, ही तर वाकळ आहे!" मी म्हणाले.

चौकीदाराची बायको चहा घेऊन येत होती. तिने ते ऐकलं आणि तिचं तोंड उजळलं. "हाव आजी! मीच शिवली. तुम्ही वळखली का? ती आदीची दर म्हैन्याला फाटून राहिली होती. वरून नवी येती येती म्हणून वरीस झालं. मग म्या म्हणलं, आपणच इलाज करावा. आत धोतराचे दोन पदर घातले, वरून माजं नारिंगी लुगडं लावलं. रंग बराबर ऱ्हायला पायजे ना! आता बघा, चार म्हैने झाले, एक टाका निघाला न्हाई."

खरोखर एक टाका निघाला नव्हता. इतकं चांगलं काम मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. तीन पदरी कापड रात्रभर दव पीत होतं आणि सकाळी भिजलेल्या गोधडीसारखं लोंबत होतं. दुपारी ऊन चढलं, वाळलं, की हलकं होऊन वाऱ्यावर धरत होतं. अधिकारी दुपारी आले. ताई सकाळी उतरली. मग मला हरभऱ्यावरची ती धडपी आठवली, आणि मी स्वतःवर जरा रागावले.

चौकीदाराच्या बायकोला कळायला एक क्षण लागला. तिने आमच्या तोंडांकडे बघितलं, ताईच्या फाटलेल्या ओठाकडे बघितलं, आणि चहाची थाळी खाली ठेवली.

"म्हणजे माज्यामुळं?"

चौकीदार म्हणाला, "आजी, आता आमाला काढतेत का?"

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. ताईला त्या क्षणी सुटका दिसत होती. चूक नळीची, चूक चौकीदारिणीची, सही, संपलं. तिने तसं केलं असतं तरी तिला कुणी काही म्हटलं नसतं. ती चौकीदाराच्या बायकोजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, मी तुमच्या नळीवर सगळा भरवसा टाकला. खाली गवत कुठे झुकतंय ते बघायला कुणी मला अडवलं होतं का?"

मुख्य प्रशिक्षक साडेआठला जीपमधून आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, विमानदलातून निवृत्त झालेले. आम्हाला बघून त्यांना बरं वाटलं नाही.

"मॅडम, वाऱ्याची नळी चौकशीत तपासली आहे. व्यवस्थित आहे."

"किती वाजता तपासली?" मी विचारलं.

"दुपारी."

"मग मधल्या सुट्टीत तपासली. आत्ता बघता का?"

त्यांनी वर बघितलं. चौकीदाराने नळी पुन्हा चढवली होती. मग त्यांनी खिशातून वारा मोजायचं छोटं यंत्र काढलं, हात उंच करून धरलं, आकडा बघितला, पुन्हा वर बघितलं. त्यांची मान बराच वेळ वरच होती. त्या दिवशी ते स्वतः रेडिओ घेऊन शेडमध्ये बसले होते, आणि शेडला पूर्वेकडे भिंत आहे. त्यांना वारा लागलाच नव्हता.

"मीही त्याच नळीकडे बघत होतो," ते शेवटी म्हणाले. माझ्याकडे नाही, ताईकडे बघून म्हणाले. मला तो माणूस तिथे आवडला.

त्यांनी दोन्ही अधिकाऱ्यांना पुन्हा बोलावलं, या वेळी सकाळी. आणि ताईला म्हणाले, "तुझं निवेदन लवकर दे."

निवेदन आम्ही अहमदपूरच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलं. मी डाळ निवडत होते, ताई लिहीत होती, बाबा दाराशी वर्तमानपत्र धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते. ताईने वारा, नळी, दव, शिवण, सगळं नीट क्रमाने लिहिलं. वाचून दाखवलं. चांगलं होतं. मी म्हणाले, "एक प्रश्न राहिला."

"कुठला?"

"अर्ध्या धावपट्टीपर्यंत विमान टेकलं नाही. तेव्हा काय करायला शिकवलंय?"

ती हळू म्हणाली, "परत वर जायचं. पूर्ण जोर देऊन. पुन्हा वळसा घालून यायचं."

"मग का नाही गेलीस?"

ताईने पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"बाबा उभे होते," ती म्हणाली. "पहिल्यांदाच आले होते. मी परत वर गेले असते तर त्यांना वाटलं असतं, पोरीला उतरवता येत नाही."

वर्तमानपत्राचा आवाज झाला. जावईबापूंनी ते घडी करून खाली ठेवलं होतं. मग त्यांनी विचारलं, "परत वर गेलं की त्याला चूक म्हणत न्हाईत का?"

"नाही बाबा. त्याला बरोबर म्हणतात."

"मला कुणी सांगितलंच न्हाई," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "लिही. ते पहिल्या ओळीत लिही. माझं नाव घातलं तरी चालंल."

तिने तेच पहिल्या ओळीत लिहिलं: विमान लांबवर टेकतंय हे दिसूनही मी परत वर गेले नाही, ही माझी चूक. मग वारा. मग नळी. आणि नळीबद्दलच्या परिच्छेदात तिने स्वतःहून घातलं की नवी नळी वर्षभर मागूनही आली नाही, आणि ज्यांनी ती शिवली त्यांनी ती टिकावी म्हणून शिवली. मी त्या पानावर एकही दुरुस्ती केली नाही. माझ्या आयुष्यात असं फार थोड्या पानांच्या वाट्याला आलंय.

निकाल आला तो जवळजवळ त्याच क्रमाने. कारणं दोन धरली. पाठीमागचा वारा, जो नळीने दाखवला नाही. आणि उतरणं न सोडणं, जे ताईने केलं. तिला काढलं नाही. प्रशिक्षकांबरोबर आणखी काही तास उडायचं, विमान लांब टेकतंय असं दिसलं की परत वर जायचा सराव करायचा, आणि मग पुन्हा एकटीने. नवी नळी आली, पातळ, फुंकर मारली तर हलेल अशी. चौकीदार कामावर राहिला. आता तो रोज सकाळी उड्डाणाआधी नळी खाली घेऊन हाताने चाचपतो, ओली तर नाही ना बघतो, आणि वहीत लिहितो. ती वहीही मीच नेऊन दिली. समास आखून.

आता शेवटचं उरलं ते दुसरं दार. जावईबापूंचं "न्हाई". त्यांनी ते मागे घेतलं असं कधी म्हटलं नाही. ताईने पुन्हा एकटीने उडायच्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळी ते घरीच होते, आणि तुमच्या आत्याला म्हणाले, "डबा भरला का? चटणी जास्त घाल. पोरीला आवडती."

तारेपाशी या वेळी अर्धं अहमदपूर होतं. पेंड न्यायला येणारा तो म्हाताराही होता. जावईबापूंनी तुरीची एक वाळकी काडी घेऊन तिच्या टोकाला आपली दस्ती बांधली होती आणि ती ते झेंड्यासारखी धरून उभे होते. कुणी हसलं तर म्हणाले, "हसा. ही माझी हाय, हिला मी वळखतो."

ताई उडाली. वळसा घालून आली. खाली, आणखी खाली, धावपट्टीच्या तोंडाशी आली, आणि एकाएकी इंजिनाचा आवाज वाढला. विमानाने नाक उचललं आणि आमच्या डोक्यांवरून वर निघून गेलं.

"अरे गेली! परत गेली!"

"उतरता येईना की काय पोरीला?"

"भ्याली!"

जावईबापूंनी दस्तीची काडी उंच केली आणि ओरडले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "बराबर केलं! जाऊ द्या! बराबर केलं पोरीनं!"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते बघत होते वर.

ताई दुसऱ्यांदा आली. वारा तिच्या समोरून होता, दस्ती ती येत होती त्या बाजूला फडफडत होती, वरची नळीही तशीच. चाकं धावपट्टीच्या पहिल्या तुकड्यातच टेकली, मागची दोन आधी, मग हलकेच नाकाखालचं. टेकल्याचा आवाज आमच्यापर्यंत आलाच नाही. चौकीदाराच्या बायकोने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते ते खाली घेतले आणि माझ्या खांद्यावर एक थाप मारली, इतकी जोरात की चष्मा घसरला.

ताई चालत तारेपाशी आली. घाम, धूळ, आणि दात दिसतील असं हसू. बाबांनी डबा पुढे केला आणि विचारलं, "पहिल्यांदा का गेलीस वर?"

"वारा पटला नाही," ती म्हणाली.

"हां," ते म्हणाले. "मलाबी पटला नव्हता."

हा व्हिडिओ त्यांनी स्वतः काढला, एका हातात काडी आणि एका हातात फोन धरून, म्हणून तो हलतो. गावच्या त्याच गटात त्यांनीच टाकला. दुकानातल्या एकाने सल्ला दिला की विमान परत वर जातं तेवढा भाग कापून टाका, मग चांगला दिसेल. जावईबापू म्हणाले, "तो कापला तर बाकीचा कशाला ठेवू?"

तुम्हालाही तोच पाठवते आहे. वाकळीचं पार्सल वेगळं येईल. चौकीदाराच्या बायकोने ती जुनी नळी उसवली, धुतली आणि तुम्हा दोघांपुरती एक लहान वाकळ शिवून दिली. नारिंगी बाजू वर ठेवा, ते तिचं लुगडं आहे. धुतलीत तर पूर्ण दिवस उन्हात घाला, तिला वाळायला वेळ लागतो. आणि व्हिडिओ बघताना सुरुवातीला घाई करून पुढे ढकलू नका. विमान परत वर जातं, तिथे थांबून नीट बघा.